घरात सत्याहत्तर

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या प्रतिमाकाकू टेंभेकर कधी कुणाशी भांडत नाहीत, आणि म्हणूनच माहितगार लोक त्यांना वचकून असतात. काकू ऐकून घेतात, हसतात, चहा टाकते म्हणतात आणि ऐकलेलं मनात नीट घडी घालून ठेवून देतात. मग तुम्ही पार विसरून गेलात की एके दिवशी ते तुम्हाला साभार परत मिळतं.

ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात त्यांनी अख्खी नोकरी खिडकीमागे काढली. त्यांच्या इंग्रजीची नक्कल करून दात काढणारा एखादा दांडगट समोर आला, की काकू अतिशय अदबीने त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करायच्या आणि नेमकी त्याची पापणी मिटत असताना बटण दाबायच्या. तो झिंगलेला चेहरा मग त्याला पुढची कित्येक वर्षं पाकिटात घेऊन हिंडावं लागे. काकूंना त्यानंतर शांत झोप लागायची.

नागपूरच्या मोठ्या जाऊबाईंचीही तीच गत. कुमुदवहिनी पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा काकूंनी दिवसभर खपून पुरणपोळ्या केल्या, आणि वहिनी भरल्या पंगतीत म्हणाल्या, "प्रतिमा, अगदी त्या मेक्सिकन टॉर्टिलासारखी झालीये गं." काकू हसल्या. वहिनी पुढच्या खेपेला आल्या तेव्हा काकूंचा पोरगा कॉलेजात गेला होता. काकूंनी दुकानातून टॉर्टिलाच आणल्या, गूळ-तूप लावून खरपूस भाजल्या आणि वाढल्या. वहिनींनी दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, म्हणाल्या की आता खरा हात बसला हो तुझा. काकू तेव्हाही काही बोलल्या नाहीत. एअरपोर्टवर वहिनी सिक्युरिटीच्या रांगेत शिरल्या, परत फिरायची सोय उरली नाही, तेव्हा काकूंनी ते सांगितलं.

तर अशा बाईला तिचा पोटचा पोरगा म्हणाला, की आई, तू विसरायला लागली आहेस.

देवांग एडिसनमध्येच जन्मला, ओक ट्री रोडच्या मागच्या ह्याच घरात वाढला. आता तो टेक्सासला, अर्विंगमध्ये असतो. त्याची बायको अंतरा मूळची पुण्याची, अर्विंगमध्येच एका आयटी कंपनीत आहे. मुलगा वाईट नाही. आईवर जीव आहे त्याचा, फक्त तो जीव सूचनांच्या रूपाने बाहेर पडतो. वडील गेल्यापासून दर रविवारी फोनवर त्या सूचना सुरू असत. घर मोठं आहे, जिना उंच आहे, बर्फ कोण काढणार, आमच्याजवळ एक छान सीनियर कम्युनिटी आहे. काकू म्हणायच्या, बघू.

ह्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दोघं आले आणि देवांगने दोन कामं उरकली. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्याने वरच्या मजल्यावरचा देव्हारा उचलून खाली आणला आणि बोळातल्या भिंतीशी एका बुटक्या कपाटावर मांडला. मग त्याच भिंतीवरचा, घराची ऊब राखणारा जुना गोल थर्मोस्टॅट काढून तिथे नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवायला घेतला. हीटिंगवाल्याला कशाला बोलवायचं, व्हिडिओ आहेत ना. मेन स्विच बंद केला, वायरींना चिकटपट्ट्या लावल्या, एक वायर उरलीच. पहिल्यांदा काचेवर काही उमटेना, मग फ्यूज उडाला, मग थंडगार घरात त्याला घाम फुटला. संध्याकाळी एकदाची तळघरातली, घर तापवणारी फर्नेस धडधडली आणि भिंतीवरच्या काळ्या काचेत सत्तरचा आकडा झळकला. सत्तर फॅरनहाइट, म्हणजे घरात सुती साडीवर वावरावं इतकी ऊब.

"आता मी अर्विंगमधून पण बघू शकतो, आई," तो म्हणाला. "आणि सत्तरवर लॉक लावलाय. चुकून तुझ्याकडून काही दाबलं जायला नको."

जुना थर्मोस्टॅट तो रिसायकलिंगमध्ये टाकणार होता. काकूंनी तो काढून खणात ठेवला. काकू काही टाकत नाहीत, वस्तूही नाही आणि शब्दही नाही.

ती दोघं गेली आणि घर थंड पडायला लागलं. दिवसभर ठीक असायचं. न्यू जर्सीचा डिसेंबर, साडेचारलाच अंधारून येतं. काकू तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायच्या, स्तोत्र म्हणायच्या, स्वयंपाकाला लागायच्या, आणि कणीक मळेपर्यंत बोटं आखडायची. फर्नेस मुकाट. भिंतीवर जाऊन बघावं तर काचेत सत्याहत्तर! जेवायच्या वेळी पायमोजे, स्वेटर, त्यावर नवऱ्याचं जुनं जाकीट, आणि तरी दात वाजतायत.

"आई, ॲपमध्ये सेव्हन्टी-सेव्हन दिसतंय," देवांग म्हणाला. "इट्स ऑल गुड."

"अरे, पण मला थंडी वाजतेय."

"तू बसून असतेस ना. मूव्ह अराउंड. घरातल्या घरात फेऱ्या मार. आणि पाणी कमी पितेस तू."

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. देवांग फोनवर सांगणार आणि काकू स्टुलावर चढून करणार. पुढची काच ओढून काढ, परत बसव. रीस्टार्ट कर. वायफाय बंद करून चालू कर. तळघरात जाऊन फिल्टर बघ. फिल्टर स्वच्छ होता. त्याने कंपनीच्या मदतकेंद्राशी तासभर चॅट केलं, सॉफ्टवेअर नवं टाकलं, शेड्यूल पुसून पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. काकूंनी फोनच्या कॅमेऱ्यासमोर खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली.

"हे बघ, थिजून दगड झालंय. सत्याहत्तरला खोबरेल पातळ नको का व्हायला?"

"फ्रिजमध्ये ठेवलं असशील आई. ठेवून विसरली असशील."

काकूंनी फोन खाली ठेवला. खोबरेल तेल फ्रिजमध्ये! त्यांच्या सात पिढ्यांत कुणी असलं काही केलं नव्हतं.

शेवटी देवांगने तिकडून हीटिंगवाला पाठवला. तो आला सकाळी. सकाळी सगळं झकास. त्याने मशीन उघडलं, बंद केलं, घर उबदार आहे असं काकूंना समजावलं आणि देवांगला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. काकू स्वयंपाकघरात त्या माणसासाठी चहा करत होत्या.

"सॉरी यू हॅड टू कम आउट," त्यांचा मुलगा म्हणत होता. "माय मॉम इज गेटिंग अ लिटल कन्फ्यूज्ड."

आधण उकळत राहिलं. कन्फ्यूज्ड. ज्या बाईला लायसन्सच्या खिडकीशी आलेल्या प्रत्येक उर्मट माणसाचा चेहरा आठवतो, ती कन्फ्यूज्ड. काकूंच्या कानशिलांना अशी आग लागली की त्या क्षणापुरती त्यांची थंडी गेली.

पण राग सोपा असतो. खरी भीती संध्याकाळी आली. काकू बोळात उभ्या होत्या, समोर सत्याहत्तर दिसत होतं, आणि त्यांच्या हाताची नखं निळी पडली होती. आकडा खोटं कसं बोलेल? मग खोटं कोण बोलतंय, आपलंच अंग? त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. हात गार होता, की गार आहे असं वाटत होतं, त्यांना ठरवता येईना. त्याच आठवड्यात देवांग म्हणाला होता, की जानेवारीच्या लाँग वीकेंडला आम्ही येतो, तुझी डॉक्टरकडे मेमरी टेस्ट करू या, आणि घर विकायला एक एजंट बघून जाईल, स्प्रिंगमध्ये मार्केट चांगलं असतं. काकू त्या दिवशी 'बघू' म्हणाल्या नव्हत्या. इतकी वर्षं जपलेलं हे घर आता एका आकड्यावर जाणार होतं, आणि आकड्याच्या विरुद्ध त्यांच्याकडे फक्त त्यांचा शब्द होता.

अशात नागपूरहून मेसेज आला, की कुमुदवहिनी गेल्या.

काकू रडल्या. खोटं कशाला सांगा, मनापासून रडल्या. इतका तोलामोलाचा वैरी पुन्हा कुठे मिळतो! सख्ख्या जावेचं सुतक पूर्ण पाळायचं असतं. काकूंनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला. पूजा नाही, दिवा नाही.

आणि घर उबदार झालं.

पहिल्या संध्याकाळी त्यांना वाटलं, दुःखात थंडी कळत नसेल. दुसऱ्या संध्याकाळी जाकीट काढलं. तिसऱ्या संध्याकाळी सुती साडीवर बसून भाकरी खाल्ली. काचेत सत्तर, आणि फर्नेस शहाण्यासारखी मध्येमध्ये धडधडतेय. देवांगला सांगितलं तर तो खूश. "सी? मी नवीन अपडेट टाकलं होतं. टोल्ड यू."

सुतक फिटलं. काकूंनी डोक्यावरून आंघोळ केली, देव उजळले, संध्याकाळी समई लावली, पाची वाती. हात जोडले आणि डोळे मिटले. स्तोत्राची दोन कडवी झाली असतील नसतील, तळघरात काहीतरी गप्प झालं. फर्नेस थांबली होती.

काकूंनी डोळे उघडले. समईच्या पाच ज्योती, त्यावर देव्हाऱ्याचा कळस, आणि कळसाच्या थोडं बाजूला, वीतभर वर, ती काळी काच. काचेत त्र्याहत्तर. बघता बघता चौऱ्याहत्तर. काकूंनी काचेखाली तळहात धरला. समईची ऊब थेट हातावर येत होती.

म्हणजे तो डबा फक्त समईपुरतं बघत होता. त्याला वाटत होतं, अख्खं घर तापलंय, आणि तो फर्नेस बंद करत होता. दिवा शांत झाला की काच निवायची, फर्नेस सुरू व्हायची, आणि सकाळी हीटिंगवाला येईपर्यंत सगळं छान. देव खाली आणले देवांगने. डबा बसवला देवांगने. दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच वीकेंडला, आईच्या काळजीपोटी.

काकूंनी समई उचलून जेवणाच्या टेबलावर नेली आणि थांबल्या. आकडा उतरला. थोड्या वेळाने तळघरात फर्नेस जागी झाली. बाई तिथेच खुर्चीत बसल्या आणि मोठ्याने हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. जाता जाता जाऊबाईंनी उपकार केले. डोकं शाबूत होतं. घर वाचलं होतं. त्यांनी देवांगला फोन लावायला हात पुढे केला, नंबरही काढला.

मग त्यांना ते स्पीकरवरचं वाक्य आठवलं आणि त्यांनी फोन पालथा घातला.

संक्रांतीच्या शनिवारी दुपारी देवांग आणि अंतरा आले. घर उबदार होतं. देवांगने जॅकेट काढून टी-शर्टवर बैठक मारली आणि भिंतीवरच्या डब्याकडे कौतुकाने पाहिलं. काकूंनी तिळगूळ दिला आणि त्या अतिशय गोड बोलल्या. थर्मोस्टॅट आता छान चालतो म्हणाल्या. सोमवारी एजंट येणार आहे, हेही त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला राग नाही ना आला?" देवांगने विचारलं.

"छे रे. चहा टाकते."

अंधारून आलं. काकू आत जाऊन आल्या तेव्हा नऊवारीच्या आत थर्मलचे दोन थर होते, हे कुणाला दिसणार? त्यांनी समई लावली. सणाचा दिवस, म्हणून वाती जाड वळल्या होत्या आणि तेल काठोकाठ भरलं होतं. घरातली सगळी पांघरुणं त्यांनी मघाशीच धुवायला टाकली होती. स्वतःची शाल तेवढी मांडीवर होती. तळघरात फर्नेस थांबली. तो आवाज फक्त काकूंना ऐकू आला, आणि त्यांना तो फार आवडला.

पहिल्यांदा अंतराने बाह्या खाली ओढल्या. मग देवांगने हात काखेत घातले. भाजी परतेपर्यंत तो दोनदा उठून गरम हवा येणाऱ्या जाळीपाशी वाकून आला.

"आई, इट्स काइंडा कोल्ड, नाही?"

"कोल्ड?" काकूंनी चष्मा वर करून बोळात पाहिलं. "सत्याहत्तर आहे रे."

देवांगने फोन काढला. फोनही सत्याहत्तरच म्हणत होता. तो खाली बसला. थोड्या वेळाने पुन्हा उठला.

"तू बसून असतोस ना," काकू मायेने म्हणाल्या. "दिवसभर कॉम्प्युटरपुढे. घरातल्या घरात फेऱ्या मार बघू. आणि पाणी पी."

अंतराला केसांना तेल लावायचं होतं. ती बाथरूममधून खोबरेलची बाटली घेऊन आली. "आई, हे पार थिजलंय हो."

"फ्रिजमध्ये ठेवलं असशील. ठेवून विसरली असशील."

अंतराने चमकून सासूकडे पाहिलं. तिने ते वाक्य आधी ऐकलं होतं, अर्विंगच्या स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या तोंडून. ती गुपचूप सासूच्या शेजारी जाऊन बसली, आणि काकूंनी शालीचं अर्धं टोक तिच्या पायांवर टाकलं.

देवांग काच काढून परत बसवत होता. रीस्टार्ट करत होता. सत्याहत्तर. तळघरात जाऊन फिल्टर बघून आला. त्याचं नाक लाल झालं होतं. लहानपणी बर्फात घसरायची स्लेड घेऊन घरी यायचा तेव्हा व्हायचं तसंच. उठून त्याचे हात चोळावेत, असं काकूंना क्षणभर वाटलं. पण त्यांना जे ऐकायचं होतं, ते त्याने अजून म्हटलं नव्हतं. त्या बसून राहिल्या.

"समथिंग इज राँग," तो म्हणाला.

"अरे बाळा, मशीन कसं खोटं बोलेल? ह्या वयात होतं असं. एक मेमरी टेस्ट करून घेऊ या का तुझी? नाहीतरी डॉक्टरकडे जायचंच आहे."

"आई, स्टॉप! मी मनचं सांगत नाहीये. मला खरंच थंडी वाजतेय. तू माझ्यावर विश्वास का ठेवत नाहीयेस?"

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग त्या उठल्या, बोळात गेल्या, समई दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोरून नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"आता तुझ्या डब्याकडे बघ."

देवांग बघत राहिला. पंच्याहत्तर. त्र्याहत्तर. आकडा एकेक पायरी खाली येत गेला, सत्तरच्याही खाली गेला, आणि तळघरात फर्नेस धडधडून सुरू झाली. त्याने काचेकडे पाहिलं, देव्हाऱ्यापुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, टेबलावरच्या समईकडे पाहिलं. इंजिनियर आहे, कळायला वेळ लागला नाही. चेहरा कसनुसा झाला.

"ओ गॉड. मीच ठेवला होता इथे देव्हारा." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "तुला माहीत होतं?"

"कुमुदकाकींचं सुतक फिटलं त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"सांगत होते ना," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "थँक्सगिव्हिंग झाल्यापासून रोज सांगत होते."

देवांग खुर्चीत बसला. त्याने फोन उचलला, सोमवारी येऊ नका असा एजंटला मेसेज केला आणि तो आईला दाखवला. काकूंनी वाचला, मान हलवली. खणातून जुना गोल थर्मोस्टॅट आणि स्क्रूड्रायव्हर आणून त्याच्यापुढे ठेवले.

"हा उद्या सकाळी बसव. आत्ता तुझे हात कापतायत. देव आहेत तिथेच राहतील, गुडघ्यांना बरं पडतं मला."

"आई, सॉरी. आय मीन इट."

काकूंनी तिळगुळाचा डबा त्याच्याकडे सरकवला. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. हीटिंगवाल्याला फोनवर काय सांगितलं होतंस, हेही त्यांनी काढलं नाही. ते अजून शिल्लक होतं.

"पांघरूण मिळेल का?" देवांगने हळूच विचारलं.

"ड्रायरमध्ये आहे," काकू म्हणाल्या आणि अंतराच्या पायांवरची शाल नीट केली. "ओलं असेल अजून. थांब जरा."